रिग-आयवर के६३ युबिक्विटिन चढलंय हे सिद्ध कसं करायचं? सगळ्याच लेनमध्ये स्मियर येतोय

अमरावती_रोड:

नमस्कार मंडळी. नागपुरात पीएच.डी. करते आहे. विषय जन्मजात प्रतिकारशक्ती, त्यातही विषाणूचा आरएनए ओळखणारं रिग-आय. त्यावर युबिक्विटिन (इतर प्रथिनांना खूण म्हणून जोडलं जाणारं छोटं प्रथिन) कधी चढतं आणि कोणत्या जोडणीचं चढतं, हे दाखवायचं आहे. के६३ म्हणजे युबिक्विटिनच्या ६३ क्रमांकाच्या लायसीनवरून जोडत गेलेली साखळी.

सध्याची पद्धत अशी. २९३टी पेशी, १० सेंटीमीटरची डिश, पूर्ण लांबीचं फ्लॅग-रिग-आय ४ मायक्रोग्रॅम आणि एचए-युबिक्विटिन २ मायक्रोग्रॅम (फ्लॅग आणि एचए हे प्रथिन ओळखायला जोडलेले छोटे टॅग). २४ तासांनी लांब साखळीचं पॉली-आयसी (विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारा कृत्रिम दुहेरी आरएनए), १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ट्रान्सफेक्शननं, ६ तास. मग पेशी खरवडून पीबीएसमध्ये धुते, बर्फावर रिपा बफरमध्ये ३० मिनिटं ठेवते. बफरमध्ये प्रोटिएज इन्हिबिटरची गोळी आणि १ मिलिमोलर डीटीटी असतं. मग फ्लॅगची अँटिबॉडी लावलेल्या बीड्सनं रिग-आय ओढून काढते (आयपी), रात्रभर, आणि ब्लॉट (जेलवर वेगळी झालेली प्रथिनं अँटिबॉडीनं दाखवणं) एचएवर.

दिसतं ते असं: पॉली-आयसी दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही लेनमध्ये सारखाच स्मियर (ठळक पट्ट्याऐवजी पसरलेला डाग), ५० किलोडाल्टनपासून थेट वरपर्यंत. रिकामा फ्लॅग प्लाझ्मिड असलेल्या लेनमध्येही फिका स्मियर आहेच. एमजी१३२ (प्रोटिएझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, अडवणारं रसायन) घातलं की सगळ्या लेन गडद होतात. लॅबमध्ये एक मत असं की स्मियर आहे म्हणजे के६३ आहे आणि रिग-आय जागं झालं आहे. मला ते पटत नाही, पण खोडून कसं काढायचं तेही कळत नाही. शिवाय एक मूळ शंका आहे: तीच खूण एका प्रथिनाला संपवते आणि दुसऱ्याला कामाला लावते, हे पेशी ठरवते कशावरून?

---

ब्लॉट_आणि_बीड्स:

तुमची शंका बरोबर आहे. त्या ब्लॉटवरून रिग-आयबद्दल काहीच म्हणता येत नाही, आणि ते जेलवरच लिहिलेलं आहे. रिग-आय ९२५ अमिनो आम्लांचं, साधारण १०६ किलोडाल्टनचं. एक युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लं, साडेआठ किलोडाल्टन. म्हणजे रिग-आयवर एकच युबिक्विटिन बसलं तरी पट्टा ११५ च्या आसपास दिसायला हवा आणि स्मियर तिथून वर चढायला हवा. तुमचा स्मियर ५० पासून सुरू होतो. तो भाग रिग-आयचा असूच शकत नाही, निदान अखंड रिग-आयचा तरी नाही. रिपामध्ये रिग-आयसोबत चिकटून आलेली इतर प्रथिनं आणि बीड्सला आपोआप चिकटलेला कचरा, त्या सगळ्यांवरचं युबिक्विटिन तुम्ही बघताय. रिकाम्या प्लाझ्मिडच्या लेननं तुम्हाला हेच सांगितलं आहे.

दुसरी अडचण उलट्या बाजूनं आहे. खरा संकेत असलाच तर तो तुमच्या हातून निसटतो आहे. पेशीत युबिक्विटिन काढणारी शंभरेक एन्झाइम्स (डीयूबी) आहेत, त्यातली बहुतेक सिस्टीनवर चालणारी. प्रोटिएज इन्हिबिटरची नेहमीची गोळी त्यांना पुरेशी आवरत नाही. पेशी खरवडा, धुवा, बर्फावर ३० मिनिटं ठेवा, या सगळ्या वेळात ती साखळ्या कापत बसतात. के६३ आणि एम१ (पहिल्या मिथिओनीनवरून जोडलेल्या) साखळ्या तर फार लवकर जातात. ही एन्झाइम्स बंद करायला एन-इथाइलमॅलिमाइड, म्हणजे एनईएम, लागतं. त्यात तुमचं डीटीटी घात करतं: डीटीटीच्या एका रेणूला दोन थायोल असतात, म्हणून १ मिलिमोलर डीटीटी २ मिलिमोलर एनईएम खाऊन टाकतं. शिवाय फ्लॅगच्या अँटिबॉडीचे डायसल्फाइड बंधही सुटू शकतात. लायसिस बफरमधून डीटीटी पूर्ण काढा.

आता असं करा. डिशमधलं माध्यम ओता, थंड पीबीएसनं एकदा झटपट धुवा (त्या पीबीएसमध्येही १० मिलिमोलर एनईएम असू द्या), सगळं द्रव शोषून घ्या. खरवडण्याआधीच डिशवर २०० मायक्रोलिटर गरम बफर ओता: १ टक्का एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २ मिलिमोलर ईडीटीए, २० मिलिमोलर एनईएम. आता खरवडून ट्यूबमध्ये घ्या आणि ९५ अंशांवर १० मिनिटं ठेवा. डीएनएमुळे लायसेट शेंबडासारखं ताणेल. सोनिकेटरनं १० सेकंदांचे तीन ठोके द्या किंवा २६ गेजच्या सुईतून पिपेटसारखं वाहू लागेपर्यंत ओढा. ही पायरी टाळली की बीड्स डीएनएच्या जाळ्यात अडकतात आणि पुन्हा रिकाम्या लेनमध्ये स्मियर दिसतो.

मग १.८ मिलि डायल्यूशन बफर घाला: तेच मीठ, तेच ट्रिस, १ टक्का ट्रायटन एक्स-१००, १० मिलिमोलर एनईएम, एसडीएस अजिबात नाही. एसडीएस आता ०.१ टक्क्यावर आलं, एवढं फ्लॅगची अँटिबॉडी सहन करते. १६,००० जीवर १० मिनिटं फिरवा, २ टक्के इनपुट बाजूला काढा, उरलेल्यात २० मायक्रोलिटर बीड्स, ४ अंशांवर ४ तास. रात्रभर ठेवायची गरज नसते, जास्त वेळानं पार्श्वभूमीच वाढते. पाच वेळा धुवा, त्यातलं एक धुणं ५०० मिलिमोलर मिठाचं. शेवटी सॅम्पल बफरमध्ये उकळण्यापेक्षा ३ एक्स फ्लॅग पेप्टाइडनं सोडवा, १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, म्हणजे अँटिबॉडीची ५० किलोडाल्टनची जड साखळी ब्लॉटवर येणार नाही.

एनईएमबद्दल थोडं अधिक, कारण सर्वांत जास्त प्रयोग तिथेच फसतात. ते पाण्यात टिकत नाही, अल्कधर्मी पाण्यात तर लवकरच विघटन पावतं. म्हणून इथेनॉलमध्ये त्याच दिवशी बनवा: ६२.५ मिलिग्रॅम १ मिलि इथेनॉलमध्ये म्हणजे ०.५ मोलर. त्यातलं ४० मायक्रोलिटर १ मिलि बफरमध्ये गेलं की २० मिलिमोलर. बफरमध्ये ते वापरायच्या पाच मिनिटं आधीच घाला. के६३ किंवा एम१ बघायचं असेल तर ५० मिलिमोलरपर्यंतही जावं लागतं. आधी २० आणि ५० शेजारी शेजारी लावून बघा. हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच. डोळ्यांना आणि श्वासाला ते फार वाईट आहे.

जेल ४–१२ टक्के ग्रेडियंट किंवा साधं ८ टक्के. लांब साखळ्या मॉप्स बफरमध्ये बऱ्या सुटतात, छोट्या मेसमध्ये. स्टॅकिंग जेल कापून फेकू नका, ट्रान्सफरला सोबत ठेवा. सर्वांत लांब साखळ्या वेलच्या तळाशीच अडकलेल्या असतात.

---

प्रथिनकट्टा:

मूळ शंकेबद्दल लिहितो, कारण ती कळली की कोणत्या लेन लावायच्या तेही आपसूक कळतं.

युबिक्विटिनवर स्वतःचे ७ लायसीन आहेत: ६, ११, २७, २९, ३३, ४८ आणि ६३. शिवाय पहिलं मिथिओनीन. पुढचं युबिक्विटिन यांपैकी कुठे जोडलं जातं यावर साखळीचा आकार ठरतो. ४८ वरून जोडलं की साखळी घट्ट आवळलेली होते आणि २६एस प्रोटिएझोम ती पकडतो. ६३ वरून किंवा पहिल्या मिथिओनीनवरून जोडलं की साखळी सरळ, ताणलेली राहते आणि तिच्यावर संकेतवाहक प्रथिनं येऊन बसतात. म्हणजे निर्णय त्या आकाराला ओळखणारं दुसरं प्रथिन घेतं. युबिक्विटिन चढवणाऱ्या, एकामागून एक काम करणाऱ्या एन्झाइम्सच्या मालिकेत ई१ माणसात दोनच, ई२ चाळीसच्या आसपास, ई३ सहाशेहून अधिक. कोणत्या प्रथिनावर चढवायचं ते मुख्यतः ई३ ठरवतं. जोडणी कोणती, हे पुष्कळदा ई२ ठरवतं. काही ई३, उदाहरणार्थ लुबॅक, मात्र जोडणीही स्वतःच ठरवतात. प्रोटिएझोमकडे नेणाऱ्या या पद्धतीच्या शोधासाठी २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना मिळालं. संकेत देणाऱ्या साखळ्यांचं चित्र त्यानंतर बरंच भरत गेलं.

एकाच मार्गात दोन्ही प्रकार बघायचे तर टीएलआर४ (जिवाणू ओळखणारं पेशीवरचं प्रथिन) घ्या. एलपीएस (जिवाणूच्या आवरणाचा भाग) आलं की मायडी८८, मग आयआरएके४ आणि आयआरएके१, मग ट्राफ६. ट्राफ६ हे ई३ आहे आणि यूबीसी१३–यूईव्ही१ए या ई२ जोडीसोबत के६३ साखळ्या बांधतं. त्या साखळ्यांवर टॅब२ आणि टॅब३ बसतात, त्यांच्यासोबत टॅक१ हे फॉस्फेट लावणारं एन्झाइम येतं. दुसरीकडे लुबॅक, म्हणजे एचओआयपी, एचओआयएल-१ आणि शार्पिन यांचा संच, एम१ साखळ्या बांधतो. आयकेके या फॉस्फेट लावणाऱ्या संचातल्या निमोला त्या फार घट्ट धरता येतात, म्हणून आयकेके तिथेच टॅक१ च्या हातात सापडतं. इथपर्यंत काहीही नष्ट झालेलं नाही. आता आयकेके, एनएफ-कॅपाबीला (दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला) अडवून ठेवणाऱ्या आयकॅपाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं, बीटा-टीआरसीपी असलेलं एससीएफ हे ई३ ते ओळखून २१ आणि २२ क्रमांकाच्या लायसीनवर के४८ साखळी चढवतं आणि प्रोटिएझोम आयकॅपाबी-अल्फा संपवतो. एनएफ-कॅपाबी केंद्रकात जातं. एका धाग्यात के६३ आणि एम१ नं सुरुवात, के४८ नं शेवट, आणि सगळं पंधरा ते तीस मिनिटांत.

रिग-आयकडे येऊ. २००७ मध्ये ट्रिम२५ हे ई३ रिग-आयच्या कार्ड भागावर (पुढे संकेत देणाऱ्या भागावर) के६३ साखळी चढवतं असं दिसलं, त्यात १७२ क्रमांकाचं लायसीन निर्णायक. बरीच पाठ्यपुस्तकं तिथेच थांबतात. पण २०१९ च्या सुमारास नॉकआउट पेशींवरच्या कामात ट्रिम२५ नसताना रिग-आयचा संकेत बऱ्यापैकी चालू राहिला आणि रिप्लेट, म्हणजे आरएनएफ१३५, नसताना तो बंद पडला. आरएनएवर रचलेल्या रिग-आयला रिप्लेट ओळखतं. म्हणून आजच्या घडीला कोणी फक्त ट्रिम२५ वाढवून रिग-आयवर स्मियर दाखवला तर परीक्षक रिप्लेटबद्दल विचारतीलच. दोन्हींचे एसआयआरएनए (ते प्रथिन बनणं थांबवणारे छोटे आरएनए) मागवा.

आणखी एक वळण आहे, ते तुमच्या पद्धतीशी थेट भिडतं. कार्ड भाग सुट्या, कशालाही न जोडलेल्या के६३ साखळ्या धरूनही जागा होतो असं २०१० मध्ये दाखवलं गेलं. वर सांगितलेल्या उकळण्यात या सुट्या साखळ्या धुऊन जातात. म्हणजे एसडीएसच्या पद्धतीनं तुम्हाला फक्त रिग-आयला सहसंयुज बंधानं जोडलेलं युबिक्विटिन दिसेल. सुट्या साखळ्यांचा प्रश्न असेल तर सौम्य बफरमधला आयपी समांतर करा आणि त्यातला अर्धा भाग आयसोपेप्टिडेज-टीनं कापा. हे एन्झाइम ज्या साखळीचं शेवटचं ग्लायसीन मोकळं आहे तिलाच कापतं, प्रथिनाला जोडलेली साखळी सोडून देतं. कशात फरक पडला ते बघा.

---

अमरावती_रोड:

दोघांचेही मनापासून आभार. अजून तीन गोष्टी. एमजी१३२ ठेवायचं की काढायचं? जोडणी दाखवायला के६३-ओन्ली आणि के४८-ओन्ली युबिक्विटिनचे (ज्यात तेवढं एकच लायसीन शिल्लक आहे) प्लाझ्मिड मिळाले आहेत, तेवढं पुरेल का? आणि पॉली-आयसीऐवजी खरा विषाणू वापरावा असं काहींचं म्हणणं आहे. आपल्या भागातला म्हणून चांदीपुराचं नाव पुढे आलं.

---

ब्लॉट_आणि_बीड्स:

के६३ साठी एमजी१३२ काढा. ते प्रोटिएझोम अडवतं, म्हणून के४८ चा ढीग साचतो आणि पेशीतलं मोकळं युबिक्विटिन आटतं. के६३ ला त्यातून फायदा काहीच नाही, उलट ती कमी होऊ शकते. तुमच्या सगळ्या लेन एकत्र गडद होतात त्या याचमुळे. शिवाय आयकॅपाबी-अल्फा नष्ट होणं थांबतं, मग एनएफ-कॅपाबीचं कुठलंही मोजमाप त्या लेनमध्ये अर्थहीन. रिग-आय के४८ नं संपवलं जातंय का (आरएनएफ१२५ ते करतं) असा वेगळा प्रश्न असेल तेव्हा १० मायक्रोमोलर, शेवटचे ४ तास, आणि त्याच वेळी तेवढंच डीएमएसओ दिलेली लेन. एमजी१३२ कॅल्पेन आणि कॅथेप्सिनही अडवतं, म्हणून निष्कर्ष महत्त्वाचा असेल तर बोर्टेझोमिबनं पडताळा.

के६३-ओन्लीबद्दल: प्लाझ्मिड चांगले आहेत, पण पुरावा म्हणून एकटे उभे राहत नाहीत. पेशीचं स्वतःचं युबिक्विटिन तिथे असतंच, त्यामुळे एचए लागलेलं के६३-ओन्ली युबिक्विटिन मिश्र साखळीच्या टोकावर बसलं तरी ब्लॉटवर पट्टा दिसतो. आणि जास्त प्रमाणात व्यक्त केलेलं युबिक्विटिन नको तिथेही चढतं. के६३-आर (६३ चं लायसीन बदलून आर्जिनीन केलेलं) सोबत लावा, ६३ चा मार्ग बंद केल्यावर संकेत पडला पाहिजे. एक गोष्ट लक्षात ठेवा: एचए टॅग युबिक्विटिनच्या सुरुवातीला असतो, त्यामुळे पहिलं मिथिओनीन झाकलं जातं आणि एम१ साखळी बनूच शकत नाही. लुबॅकबद्दल एचए-युबिक्विटिननं काहीही सिद्ध होत नाही, नकारही नाही.

खरा पुरावा म्हणजे साखळी ठरावीक एन्झाइमनं कापून दाखवणं, टॅग नसलेल्या, पेशीच्या स्वतःच्या युबिक्विटिनवर. बीड्सवरचं रिग-आय सारख्या भागांत वाटा. एका भागाला यूएसपी२, ते सगळं काढतं. दुसऱ्याला एएमएसएच, ते के६३ च कापतं. तिसऱ्याला ओटीयूबी१, ते के४८. चौथ्याला ओट्युलिन, ते एम१. पाचव्याला नुसता बफर. ३७ अंशांवर ३० मिनिटं. यूएसपी२ च्या लेनमध्ये स्मियर पूर्ण जायलाच हवा. नाही गेला तर तो स्मियर युबिक्विटिनचा नव्हताच, किंवा एन्झाइम मेलेलं आहे.

एन्झाइम मरण्याची दोन नेहमीची कारणं. बीड्सवर एनईएम राहिलं की यूएसपी२, ओटीयूबी१, ओट्युलिन ही तिन्ही सिस्टीनवाली जागच्या जागी संपतात. म्हणून शेवटची दोन धुणी एनईएमशिवाय करा आणि कापायच्या बफरमध्ये ५ मिलिमोलर डीटीटी ठेवा. इथे मात्र डीटीटी हवंच. एएमएसएचचं वेगळं आहे, ते जस्तावर चालतं. त्याला एनईएमचं फारसं वावडं नाही, पण ईडीटीए उरलं तर ते चालत नाही. बफरमधलं २ मिलिमोलर ईडीटीए धुऊन काढलं नाही तर एएमएसएचची लेन कोरी राहील आणि रिग-आयवर के६३ नाही असा उलटा निष्कर्ष निघेल.

ब्लॉटला पी४डी१ ही युबिक्विटिनची अँटिबॉडी वापरत असाल तर ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेन ६ मोलर ग्वानिडीनमध्ये ४ अंशांवर ३० मिनिटं ठेवा आणि भरपूर धुवा, संकेत चांगलाच उजळतो. एफके१ फक्त साखळ्या ओळखते, एफके२ एकटं जोडलेलंही ओळखते. के६३ साठी एपीयू३ आणि के४८ साठी एपीयू२ ह्या अँटिबॉडी आहेत, पण त्यांच्यासोबत शुद्ध के४८ आणि के६३ साखळ्या ५० नॅनोग्रॅम प्रत्येकी त्याच जेलवर चालवा. दुसरीला ओळखत नाही हे त्याच ब्लॉटवर दिसलं पाहिजे.

मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवणार असाल तर आयोडोअॅसिटामाइड टाळा, क्लोरोअॅसिटामाइड घ्या. ट्रिप्सिननं कापल्यावर लायसीनवर दोन ग्लायसीन उरतात, ११४.०४ डाल्टन. आयोडोअॅसिटामाइड लायसीनला दोनदा चिकटलं तर तेवढंच वजन देतं. आणि ६ तासांपुढच्या नमुन्यात आयएसजी१५ (युबिक्विटिनसारखंच प्रथिनांवर चढणारं प्रथिन) वाढलेलं असतं, तेही तीच दोन ग्लायसीन मागे ठेवतं. त्या वेळेनंतरच्या जागांवर युबिक्विटिन असं सरसकट लिहू नका.

---

वाळूमाशी:

चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या साथीत रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला गेला, हे खरं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्यानं ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. म्हणूनच साध्या सेल कल्चर खोलीत त्याला हात लावू नये. जैवसुरक्षा समितीची मंजुरी, तेवढी सोय असलेली प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसं नसतील तर हा विचार इथेच सोडा. तुमच्या प्रश्नाला त्याची गरजही नाही.

त्याच्याच गणातला व्हीएसव्ही (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू) बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यालाही रिग-आयच ओळखतं. पण मूळ, न बदललेल्या व्हीएसव्हीचं एम प्रथिन पेशीचा एमआरएनए केंद्रकातून बाहेर पडू देत नाही. रिग-आयवर युबिक्विटिन चढलेलं दिसेल आणि त्या संकेतानं बनणारं विषाणूविरोधी इंटरफेरॉन-बीटा प्रथिन मात्र येणार नाही. मग युबिक्विटिन निष्क्रिय आहे असा गैरसमज होतो. एम प्रथिन बदललेला एम५१आर म्युटंट घ्या किंवा सेंदाई विषाणू, १०० एचए युनिट (हा एचए टॅग नव्हे, हीमॅग्लुटिनेशन) प्रति मिलि, ६ ते १२ तास.

आता महत्त्वाचं. तुमचं लांब पॉली-आयसी मुख्यतः एमडीए५ ला (विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला) जागं करतं. रिग-आयला आखूड, टोक सपाट असलेला, ५ प्राइम टोकाला तीन फॉस्फेट असलेला दुहेरी आरएनए लागतो. तुमच्या दोन्ही लेन सारख्या दिसण्यामागे हेही एक कारण असू शकतं. टी७ पॉलिमरेजनं हेअरपिन आरएनए लॅबमध्येच बनवा, त्यावर तीन फॉस्फेट आपोआप येतात. ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ट्रान्सफेक्शननं. कंट्रोल म्हणून तोच आरएनए अल्कलाइन फॉस्फेटेजनं फॉस्फेट काढून. या दोन लेनमधला फरक म्हणजे रिग-आयचा फरक, निव्वळ आरएनए पेशीत गेल्याचा नाही.

पेशींबद्दल: २९३टी मध्ये रिग-आयचा मार्ग चालतो, पण सीगॅस–स्टिंग (डीएनए ओळखणारा मार्ग) जवळपास नसतं, टीएलआर४ ही नाही. एलपीएसचा भाग टीएचपी-१ (माणसाच्या मोनोसाइट) पेशींवर करा. पीएमए (त्यांना मॅक्रोफेजसारखं बनवणारं रसायन) ५० नॅनोग्रॅम प्रति मिलि, २४ ते ४८ तास, मग पीएमएशिवाय २४ तास विश्रांती. ही विश्रांती टाळली तर शून्य मिनिटाच्या लेनमध्येच एनएफ-कॅपाबी पेटलेलं सापडतं.

---

शीतसाखळी:

इथल्या हवामानामुळे बिघडणाऱ्या गोष्टी वेगळ्या मांडतो, कारण बाहेरच्या प्रोटोकॉलमध्ये त्या नसतात. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश. एनईएमचा वितळणबिंदूही त्याच आसपास आहे. दुपारी कुरियरच्या गाडीत पडून आलेली बाटली उघडली आणि आत सुट्या स्फटिकांऐवजी एकसंध ढेप असेल तर ती वितळून पुन्हा गोठली आहे. वर्षभराचं एनईएम फेब्रुवारीतच मागवा, १ ग्रॅमच्या छोट्या बाटल्यांत, आणि कोरडं करून ४ अंशांवर ठेवा. थंड बाटली बाहेर काढल्या काढल्या उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात तर थंड काचेवर बसलेलं बाष्प थेट पावडरीत जातं.

ज्या खोलीत एसीऐवजी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे तिथे ग्रेडियंट जेल चालवू नका. बफर तापतो, लेन वाकतात, लांब साखळ्यांचा भाग पसरट होतो. टाकी बर्फात बसवा, ट्रान्सफर शीतकक्षात ३० व्होल्टवर रात्रभर. वीज गेल्यावर शीतकक्ष तास-दोन तास थंड राहतो, पण ट्रान्सफर अर्ध्यावर थांबतं आणि सकाळी ते कळतही नाही. पॉवर सप्लाय यूपीएसवर लावा.

डिसेंबरात उलट त्रास. रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं, त्यामुळे बाकावरची एमजी१३२ ची ट्यूब अर्धवट गोठलेली असते आणि पिपेटमध्ये येतं ते चुकीच्या प्रमाणाचं. हातात धरून पूर्ण विरघळवा, हलवा, मगच घ्या. एसडीएसचा बफरही पांढरा पडतो. तो ३७ अंशांवर स्वच्छ होईपर्यंत ठेवा, आणि १ टक्का एसडीएस असलेली कोणतीही ट्यूब बर्फावर ठेवू नका, कोणत्याही महिन्यात.

---

मेडिकल_चौक_बालरोग:

प्रथिनकट्टा यांनी संकेत चालू कसा होतो ते लिहिलं. बंद कसा होतो हे बालरोग ओपीडीच्या बाजूनं जोडते.

एनएफ-कॅपाबी केंद्रकात गेलं की ते स्वतःला अडवणारी प्रथिनं बनवायला लावतं. आयकॅपाबी-अल्फा तासाभरात परत येतं. मग ए२० येतं. ए२० च्या एका टोकाला साखळी कापणारा भाग आहे, दुसरीकडे एम१ साखळी धरून बसणारा झिंक फिंगर. उंदरांत कापणारा भाग निकामी केला तरी त्रास तुलनेनं सौम्य राहतो, म्हणून साखळीवर बसून निमोची जागा अडवणं हेच त्याचं मोठं काम असावं असं आज बरेच जण मानतात. सिल्ड के६३ आणि एम१ दोन्ही कापतं, ओट्युलिन फक्त एम१.

यातलं काहीही बिघडलं की रुग्ण समोर येतो. ए२० च्या जनुकाची एकच प्रत चालत असेल तर लहान वयापासून ताप, तोंडात आणि जननेंद्रियांवर व्रण, बेहेचेट या दाहाच्या आजारासारखं चित्र. हे २०१६ मध्ये ओळखलं गेलं. त्याच वर्षी ओट्युलिनचा विकार: तान्ह्या बाळात वारंवार ताप, त्वचेखालच्या चरबीचा दाह, आणि टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) अडवणाऱ्या औषधानं मोठा फरक. एचओआयएल-१ नसलेल्या मुलांचं चित्र मला सर्वांत बोलकं वाटतं: एकीकडे न थांबणारा दाह आणि दुसरीकडे जिवाणूंचे गंभीर संसर्ग, शिवाय स्नायूंत साखरेच्या साखळ्यांचा साठा. एकाच साखळीची कमतरता काही पेशींत संकेत अपुरा करते आणि काहींत अति. प्रौढांत, मुख्यतः पन्नाशीपुढच्या पुरुषांत, यूबीए१ या ई१ चं ४१ क्रमांकाचं मिथिओनीन रक्तपेशींत बदललं की व्हेक्सास हा दाहाचा आजार होतो, २०२० चं वर्णन: ताप, कूर्चेचा दाह, मोठ्या आकाराच्या लाल पेशींचा अॅनिमिया आणि अस्थिमज्जेतल्या पेशींत पोकळ्या.

आपल्याकडे चुकू शकणारा एक विकार म्हणजे निमोचा. मुलगा, दात शंकूसारखे टोकदार, केस विरळ, घाम जवळपास येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात अशा मुलाला घामाअभावी ताप येतो आणि तो उन्हाचा म्हणून सोडून दिला जातो. त्याच मुलाला जन्मतः दिलेल्या बीसीजीचा संसर्ग अंगभर पसरू शकतो. बीसीजीच्या बाजूची काखेतली गाठ वाढत असेल आणि दात असे असतील तर प्रतिकारशक्तीची तपासणी लगेच करा, आणि धाकट्या भावाचं बीसीजी निदान होईपर्यंत थांबवा.

---

अमरावती_रोड:

सगळ्यांचे आभार. पुढचा जेल असा ठरवते आहे: रिकामा फ्लॅग, रिग-आय एकटं, रिग-आय आणि फॉस्फेट काढलेला आरएनए, रिग-आय आणि तीन फॉस्फेटवाला आरएनए ०, २, ४, ८ तास, शेवटी के१७२आर ८ तास. सगळं एसडीएसमध्ये उकळून. मग ज्या वेळेला संकेत सर्वांत जास्त, त्या वेळेचं मोठ्या प्रमाणात करून चार एन्झाइमनं कापायचं. काही राहिलं का?

---

ब्लॉट_आणि_बीड्स:

दोन गोष्टी. ० तासाच्या लेनला आरएनएशिवाय नुसतं ट्रान्सफेक्शन रीएजंट ८ तास द्या, नाहीतर रीएजंटचा ताण आणि आरएनएचा परिणाम वेगळे करता येणार नाहीत. आणि त्याच डिशमधून उकळण्याआधी दशांश पेशी बाजूला काढू नका, मोह होतो पण तेवढ्या वेळात डीयूबी चालतात. इंटरफेरॉन-बीटाचा क्यूपीसीआर आणि आयआरएफ३ च्या (इंटरफेरॉनचं जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाच्या) ३९६ क्रमांकाच्या सेरीनवरचं फॉस्फेट बघायला समांतर ६ वेलची प्लेट लावा, त्याच दिवशीच्या, त्याच पॅसेजच्या पेशींची.

ब्लॉट आधी युबिक्विटिनवर, नंतर फ्लॅगवर. फ्लॅग आधी केलं तर रिग-आयचा मूळ पट्टा इतका तेजस्वी असतो की स्ट्रिप केल्यावरही ११० जवळ भूत राहतं, नेमकं तिथे जिथे पहिलं युबिक्विटिन दिसायला हवं. फ्लॅगच्या ब्लॉटवर सगळ्या लेनमध्ये रिग-आय सारखं नसेल तर स्मियरची तुलना करू नका, आयपीचं प्रमाण सारखं करून जेल पुन्हा लावा.